चाळिशीचा मेद

पुणें-बंगळूर महामार्गावर कोल्हापूर मागें टाकून कागलच्या दिशेनें जाऊं लागलें कीं, उसाच्या मळ्यांमधून कारखान्यांच्या लांबलचक छपरांचा पसारा नजरेस पडतो. ही कागल-हातकणंगलें पंचतारांकित औद्योगिक वसाहत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्यें झाली. त्यानें पुढें राज्यांत ज्या मोठ्या वसाहती वसविल्या त्यांपैकीं ही एक होय. पंचतारांकित हें विशेषण वस्तुतः खाणावळीस शोभावयाचें. तें कारखान्यांच्या वसाहतीस कां मिळावें, याचें नवख्या माणसास हंसूं येतें. येथें सूत निघतें, कापड विणलें जातें, यंत्रांचे सुटे भाग घडतात, आणि भोंग्याच्या तालावर तीन पाळ्यांत माणसांची ये-जा चालते. त्यांतील पुष्कळांचे आजे याच पंचक्रोशींत मोट हाकीत होते, कुऱ्हाडीनें लांकडें फोडीत होते आणि बाजारास पायीं जात होते.

या नातवांपैकीं एखादा पंचेचाळिशीच्या घरांत आला कीं, त्याची हकीगत बहुधा एकाच वळणानें जाते. लग्नांतला सदरा आतां अंगांत शिरत नाहीं. वैद्यकीय तपासणींत साखर थोडी चढलेली निघते, रक्तदाबाचा आंकडा वर सरकलेला असतो. डॉक्टर सांगतात, वजन उतरवा. गृहस्थ पहांटे उठून चालूं लागतो, भात सोडतो, गूळ सोडतो. दोन महिन्यांत चार-पांच किलो उतरतात. मग कांटा अडतो. तो अडला कीं उत्साह ओसरतो, आणि दिवाळीच्या सुमारास गेलेलें सर्व परत आलेलें असतें. घरचीं माणसें म्हणतात, “जिभेवर ताबा नाहीं.” हा निवाडा फार जुना आहे, आणि तो फार अन्यायाचाहि आहे. शरीराचा इतिहास पाहिल्यावांचून तो देऊं नये.

कोल्हापूरच्या मुलखांत हा इतिहास आखाड्यापासून सुरू करणें प्राप्त आहे. कागलच्या घाटगे घराण्यांतील यशवंतराव हे २६ जून १८७४ रोजीं जन्मले, १८८४ मध्यें कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, आणि शाहू छत्रपति या नांवानें महाराष्ट्रास वंद्य झाले. १९०२ च्या आरक्षणाच्या हुकुमामुळें त्यांचें नांव सर्वतोमुखीं आहे. परंतु कोल्हापूरच्या तालमींत त्यांचें स्मरण होतें तें मल्लविद्येचे आश्रयदाते म्हणून. १९०२ मध्येंच ते विलायतेस गेले होते. त्या प्रवासांत रोमचें प्राचीन क्रीडागार पाहून तसा आखाडा आपल्या नगरींत असावा असें त्यांच्या मनानें घेतलें, असें सांगतात. १९१२ मध्यें खासबागेचें मैदान उभें राहिलें. महाराज स्वतः तरुणपणीं कुस्ती खेळलेले होते, आणि त्यांचा धिप्पाड देह छायाचित्रांतूनहि डोळ्यांत भरतो. ६ मे १९२२ रोजीं मुंबईस हृदयविकारानें त्यांचें देहावसान झालें, तेव्हां त्यांनीं वयाचीं अठ्ठेचाळीस वर्षेंहि पुरीं केलेलीं नव्हतीं. त्या काळीं रक्तदाबावर खात्रीचें असें एकहि औषध वैद्यांच्या हातीं नव्हतें.

मातींतल्या कुस्तीस वजनाचे गट ठाऊक नव्हते. समोरचा दुप्पट असला तरी हात मिळवावयाचा, असा रिवाज. म्हणून वजन हें मल्लाचें भांडवल ठरलें. पहांटे हजारांच्या हिशेबानें जोर-बैठका, आखाडा खणणें, लढती. आणि या कष्टास शोभेल असा खुराक : बदामाची थंडाई, तूप, मटण, आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचें जागच्या जागीं पिळलेलें दूध. हा हिशेब जमाखर्चाचा होता, आणि खर्च चालूं होता तोंवर जमेला दोष देण्याचें कांहींच कारण नव्हतें. पंचाईत होई ती लंगोट खुंटीस टांगल्यावर. जोर सुटत, खुराक सुटत नसे. आखाड्याच्या कडेला बसलेल्या जुन्या वस्तादाचें पोट हें कोल्हापूरकरांस इतकें परिचित आहे कीं, त्यांत कांहीं बिघाड असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं.

या आखाड्यांत वाढलेला, पण तागडीच्या दुसऱ्या पारड्यांत बसलेला एक मल्ल येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत शिकले. १९४८ मध्यें लंडनला ते बावन्न किलोच्या गटांत उतरले आणि १९५२ मध्यें हेलसिंकीला सत्तावन्न किलोच्या गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. तरीहि गांवोगांवच्या जत्रांत टाळ्या पडत त्या डोंगराएवढ्या देहालाच. बोलीकडे कान दिला तरी हें कळतें. अंगानें भरला, खात्यापित्या घरचा दिसतो, पैलवान झाला, हे सारे कौतुकाचे शब्द. आणि वाळला म्हटलें कीं घरांत चिंता पडते. ज्या मुलखांत दुष्काळ, पटकी व प्लेग यांनीं माणसें डोळ्यांदेखत झडलीं, तेथें अंगावरचें मांस म्हणजे संकटकाळची शिल्लक वाटावी यांत नवल नाहीं.

आखाडा थोडक्यांचा, शेत सर्वांचें. मोटेच्या जागीं प्रथम तेलावर चालणारीं इंजिनें आलीं, आणि तीं बनविण्यांत कोल्हापूरच्या उद्यमनगरानें नांव कमावलें, हा या कथेंतला एक विनोदच. पुढें विजेचे पंप आले, ट्रॅक्टर आले, मग मोटारसायकल आली. घरांत जात्याच्या जागीं पिठाची गिरणी, पाट्या-वरवंट्याच्या जागीं मिक्सर, आणि विहिरीच्या जागीं नळ. दोन पिढ्यांत अंगमेहनत निम्म्याहून गेली असेल. भाकरीचा आकार मात्र तोच राहिला. भर पडली ती साखरेच्या चहाची आणि पाळी सुटतांना खावयाच्या वडापावाची. कोणी खादाड झाला नाहीं कीं कोणी आळशी झाला नाहीं. जमेच्या बाजूस कांहीं थोडें चढलें आणि खर्चाची बाजू गळून पडली, इतकेंच.

पण मग खर्च वाढवून जमा कमी केली तरी मेद हटत कां नाहीं? हा प्रश्न आजचा नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एकविसावा अध्याय निंद्य शरीरांचा आहे. त्यांत आठ प्रकार सांगून अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा खुलासेवार विचार केला आहे. मेदानें मार्ग अडले म्हणजे वायु कोठ्यांत फिरतो, अग्नि चेतवितो, आणि त्यामुळें स्थूल मनुष्यास भूक अधिक लागते, अशी तेथील उपपत्ति आहे. उपपत्तीची भाषा सोडून दिली तरी त्यांतील निरीक्षण पक्कें आहे : स्थूलाची भूक हा त्याच्या स्वभावाचा दोष नसून त्याच्या विकाराचें लक्षण आहे. उपाय म्हणून जव, सांवा, मूग, कुळीथ असें पोट भरणारें पण पुष्टि न करणारें अन्न सांगितलें आहे, आणि व्यायाम क्रमाक्रमानें वाढवावा असें म्हटलें आहे. त्याच यादींत जागरणहि आहे. रात्रपाळीच्या कामगारास तें फुकट लाभतें, पण आधुनिक संशोधन येथें चरकाच्या उलट गेलें आहे : झोंप तुटली कीं भूक वाढते, आणि रात्रीं जागणाऱ्या कामगारांत मेदवृद्धि अधिक आढळते.

ही भूक प्रयोगानें उजेडांत आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज या शास्त्रज्ञानें छत्तीस निरोगी तरुणांस १९४५ मध्यें चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेविलें. हे तरुण शस्त्र धरण्यास नकार देऊन या सेवेस स्वखुषीनें आले होते. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. पण त्याबरोबर शरीराचा विसाव्याचा खर्चहि उतरला, नाडी मंदावली, हातपाय गार पडूं लागले आणि अन्नावांचून दुसरा विचार मनांत येईनासा झाला. पुन्हां पोटभर मिळूं लागलें तेव्हां स्नायूंच्या आधीं मेद परत आला, आणि पूर्वींच्या मापापेक्षां अधिक भरला. वजन घटतें आहे असें दिसतांच शरीर हात आंखडतें व भूक वाढवितें. उपासमारीशीं झुंजत आलेल्या प्राण्याची ही शहाणीव आहे. कागलच्या गृहस्थाचा कांटा जो अडतो तो तिच्यामुळें.

भारतीय शरीरांत आणखी एक खोंच आहे, आणि तिचा शोध पुण्यांतच लागला. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुण्याजवळील खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या अर्भकांचा अनेक वर्षें पाठपुरावा केला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. पण हें उणेपण स्नायूंत व अवयवांत होतें. त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ तितकीच टिकून होती. २००४ मध्यें त्यांचें व त्यांचे इंग्रज मित्र डॉक्टर जॉन युडकिन यांचें एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ नियतकालिकांत आलें. उंचीच्या मानानें वजन काढण्याचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, परंतु चरबी एकाच्या शरीरांत ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे स्थूलतेचा उंबरठा पाश्चात्यांपेक्षां खालीं धरतात, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रीची ८० सेंटिमीटर ओलांडून गेली कीं सावध व्हावें असें सांगतात. स्त्रियांच्या बाबतींत पाळी जाण्याच्या वयांत मेद मांड्यांवरून पोटाकडे सरकतो, हें वेगळें.

चाळिशीनंतर शरीराचा जाळच मंद होतो, अशी जी सर्वत्र समजूत आहे तिला मात्र २०२१ मध्यें धक्का बसला. एकोणतीस देशांतील सहा हजारांहून अधिक माणसांच्या मोजणींत असें निघालें कीं, स्नायू व मेद यांचें प्रमाण जमेस धरल्यास विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर असतो. उतार लागतो तो साठीनंतर. मग मधल्या वयांत बदलतें काय? हालचाल कमी होते, झोंप तुटते, आणि न वापरलेला स्नायू हळूहळू झिजतो. आखाडा सोडलेल्या मल्लाचें जें झालें तेंच, फक्त लहान प्रमाणावर.

उपायांच्या बाजारांत महाराष्ट्रानेंहि आपली भर घातली आहे. नागपूरचे श्रीकांत जिचकार यांनीं आपल्या व्याख्यानांतून वारंवार खाण्याच्या संवयीवर टीका केली. २००४ मध्यें ते अपघातांत निवर्तले. पुढें डॉक्टर जगन्नाथ दीक्षित यांनीं तो विचार घरोघर नेला : दिवसांत दोनदांच जेवावयाचें, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरकावयाचें आणि रोज पंचेचाळीस मिनिटें चालावयाचें. उलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचें सांगणें, थोड्या थोड्या वेळानें घरचें अन्न खावें, तुपास भिऊं नये. २०१८ च्या सुमारास या दोन पंथांचा वाद शहरांतल्या दिवाणखान्यांत इतका रंगला कीं, जुन्या काळचे शैव-वैष्णव आठवावेत. निरनिराळ्या देशांत झालेल्या तुलनात्मक प्रयोगांचा कौल असा कीं, उपासाच्या वेळा पाळून जितकें वजन उतरतें तितकेंच रोजचें अन्न बेताचें करूनहि उतरतें; ज्यास जी रीत वर्षानुवर्षें निभावेल ती त्याची. गृहिणीस हें न सांगतांहि कळतें, पण तिला कोणी विचारीत नाहीं.

२०२५ मध्यें भूक मंदावणारीं नवीं इंजेक्शनेंहि भारतांत विक्रीस आलीं. त्यांतील सेमाग्लुटाइड या औषधानें अडुसष्ट आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन घटल्याचें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें होतें. परंतु औषध थांबविल्यावर वर्षभरांत त्यांतील दोनतृतीयांश वजन परतलें. मिनेसोटाच्या तरुणांत जी शहाणीव दिसली तीच येथेंहि दिसते. तेव्हां हा विकार रक्तदाबासारखाच दीर्घकाल सांभाळावयाचा आहे. दोन महिन्यांच्या पराक्रमानें तो मिटत नाहीं.

मग ज्याचा कांटा हलतच नाहीं त्यानें काय करावें? या प्रश्नाचें उत्तर ज्या प्रयोगांत आहे त्याची वार्ता महाराष्ट्रांत फारशी पसरलेली दिसत नाहीं. चेन्नईचे डॉक्टर रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनीं, मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या ५३१ भारतीयांस घेऊन एक चांचणी केली. तिचा निष्कर्ष २००६ मध्यें प्रसिद्ध झाला. या माणसांचें सरासरी वय सेहेचाळीस. कांहींना नेहमींचाच सल्ला दिला, कांहींना रोज चालण्याची व आहारांत साखर, मैदा, तूप-तेल बेतानें घेण्याची शिस्त लावली. तीन वर्षांनीं पहिल्या गटांतील शंभरांपैकीं पंचावन्नांस मधुमेह जडला होता; शिस्तीच्या गटांत एकोणचाळिसांस. आणि या दुसऱ्या गटाचें वजन तीन वर्षांत मुळींच घटलेलें नव्हतें.