प्रफुल्लचंद्र राय आणि कलकत्ता विद्यापीठातील रसायनशास्त्र

१८५७ साली स्थापन झालेले कलकत्ता विद्यापीठ अर्धशतकभर प्रामुख्याने परीक्षा घेणारी संस्था होते. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांस अध्यापन व संशोधनाचा मार्ग मोकळा झाला. पुढे तारकनाथ पालित व रासबिहारी घोष यांच्या देणग्यांतून १९१४ मध्ये विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी झाली. देणगीतील अध्यासनांवर भारतीयांचीच नेमणूक व्हावी, अशी अट होती. तिचे मर्म राय यांच्या पूर्वायुष्यावरून ध्यानात येते. एडिंबरोची डी.एस्सी. पदवी असूनही १८८९ मध्ये त्यांना प्रेसिडेन्सी महाविद्यालयात दरमहा २५० रुपयांवर तात्पुरत्या पदावर रुजू व्हावे लागले. वरच्या श्रेणी बहुतांशी युरोपियनांकडे होत्या.

१९१६ मध्ये ते पालित प्राध्यापक झाले. मात्र त्यांचे कार्य केवळ मर्क्युरस नायट्राइटवरील संशोधनाने मोजणे अपुरे ठरेल. प्रेसिडेन्सीत खालच्या वर्गांचे अध्यापन त्यांनी आवर्जून स्वतःकडे ठेवले होते, आणि एरवी दुय्यम मानल्या जाणाऱ्या याच कामातून त्यांची संशोधक-परंपरा उभी राहिली असे म्हणावे लागते. त्यांचे विद्यार्थी नीलरतन धर अलाहाबादेस, तर ज्ञानचंद्र घोष ढाक्यास रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. वयाच्या साठीनंतर, १९२१ पासून, राय यांनी आपले वेतन विद्यापीठास अर्पण केले. १९३६ मध्ये ते निवृत्त झाले, तरी मुक्काम हलला नाही; १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले ते विज्ञान महाविद्यालयातील त्यांच्या खोलीतच.