लेझर, प्लाझ्मा आणि प्रा. फरहत बेग

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात (सॅन दिएगो) प्राध्यापक असलेले फरहत बेग हे लेझर-प्लाझ्मा क्षेत्रातलं मोठं नाव. अतितीव्र लेझर घन पदार्थावर पडला की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हाच प्लाझ्मा. त्यातले काही इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने आत घुसतात. ते किती गरम असतात? बेग लंडनच्या इंपिरियल कॉलेजात असताना त्यांनी व सहकाऱ्यांनी प्रयोगातून उत्तर काढलं, १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झालं : तीव्रता आठपट केली, तर तापमान फक्त दुप्पट. घनमूळाचा हिशेब, शाळेतल्या मुलालाही समजेल! यालाच 'बेग स्केलिंग' म्हणतात.

याचा उपयोग अणुसंमीलनात. हायड्रोजन इंधनाची बारीक गोळी आधी लेझरने दाबायची, मग दुसऱ्या लेझरच्या इलेक्ट्रॉनांनी पेटवायची. पण इलेक्ट्रॉन ऊर्जा नेमकी कुठे टाकतात, हे दिसायचंच नाही. बेग यांच्या गटाने गोळीच्या कवचात तांबं मिसळलं. इलेक्ट्रॉन आदळताच तांब्यातून क्ष-किरण निघतात, त्यांचं चित्र घेता येतं. २०१६ मध्ये छापून आलेल्या या प्रयोगात, सगळी खटपट करून, लेझरची ७ टक्क्यांपर्यंतच ऊर्जा गोळीत पोचली. तरी आधीच्या प्रयोगांपेक्षा ती बरीच जास्त होती.