एका पायरीचे अंतर

१९५१ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या सू सिटी या गावी एका चित्रपटगृहात वीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण सिनेमा पाहत बसला होता. मध्येच त्याच्या नावाचा पुकारा झाला. फोनवर न्यूयॉर्क जायंट्स या बड्या बेसबॉल संघाचे मॅनेजर लिओ ड्यूरोशर होते. ताबडतोब निघून ये, म्हणाले. कोणीही आनंदाने उडी मारली असती. विली मेज नावाचा हा मुलगा मात्र म्हणाला, वरच्या दर्जाची गोलंदाजी मला खेळता यायची नाही. ड्यूरोशरनी त्याला सरासरी विचारली. ती होती ०.४७७. म्हणजे शंभरात जवळजवळ अठ्ठेचाळीस वेळा यशस्वी फटका. बेसबॉलमध्ये तीस वेळा जमले, तरी उत्तम फलंदाज म्हणतात! त्याच्या निम्मे जमले तरी चालेल, असे सांगून ड्यूरोशरनी त्याला बोलावून घेतले. मिनीआपोलिसच्या ज्या संघातून तो गेला, तिथल्या प्रेक्षकांची समजूत घालण्यासाठी जायंट्सच्या मालकांना वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली.

आपल्याला सवय क्रिकेटची, म्हणून थोडे समजावून सांगतो. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा घेत नाही. गोलंदाज, म्हणजे पिचर, १८.४४ मीटरवरून तो थेट फेकतो. ताशी १५० किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात फलंदाजापाशी पोहोचतो. आपला सलामीचा फलंदाज सकाळचा तासभर चेंडू नुसते सोडून देऊ शकतो. इथे ती चैन नाही. तीन चुकले की बाद.

मग पायरी बदलली की नेमके काय बदलते? लोकांना वाटते वेग. माझ्या मते वेग ही त्यातली सोपी बाब. खालच्या दर्जाच्या पिचरकडेही वेग असतो; नसतो तो ताबा. त्याचा वळणारा कर्व्ह बॉल भलतीकडे जातो. त्यामुळे फलंदाज निर्धास्तपणे सरळ, वेगवान चेंडूची वाट पाहतो आणि फोडून काढतो. वरचा पिचर नेमका ज्या क्षणी सरळ चेंडू अपेक्षित असतो, त्याच क्षणी कर्व्ह टाकतो, आणि हवा तिथे टाकतो. शिवाय फलंदाजाची दुखरी जागा एकदा सापडली की ती साऱ्या पिचरांना कळते.

या पायऱ्या रीतसर बांधल्या त्या ब्रँच रिकी या गृहस्थांनी. सेंट लुई कार्डिनल्स संघाकडे तयार खेळाडू विकत घेण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा १९२० च्या दशकात त्यांनी लहान गावांतले संघच ताब्यात घेऊन तिथे मुले वाढवायला सुरुवात केली. सगळ्यात खाली डी वर्ग, मग सी, बी, ए, डबल ए आणि ट्रिपल ए. १९४९ मध्ये अशा ५९ लीग देशभर चालत होत्या. मेज बी वर्गातून चढला होता. तिथे हेगर्सटाऊनला संघ एका हॉटेलात उतरला आणि त्याला रंगामुळे वेगळ्या हॉटेलात राहावे लागले.

आता न्यूयॉर्कमध्ये काय झाले ते पाहा. पहिल्या तीन सामन्यांत बारा वेळा तो बॅट घेऊन उभा राहिला; एकही यशस्वी फटका नाही. मग वॉरन स्पान या थोर पिचरला त्याने होमरन मारला. वाटले, सुटला. पण पुन्हा तेच. सव्वीस वेळांत तो एकच फटका! मुलगा ड्रेसिंग रूममध्ये रडू लागला, मला परत पाठवा म्हणाला. ड्यूरोशर जिभेचे तिखट म्हणून कुप्रसिद्ध. पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, मी इथे मॅनेजर आहे तोवर मैदानातली मधली जागा तुझीच. हंगामाअखेर मेजचे २० होमरन झाले आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान त्याला मिळाला.

त्याच शहरात, त्याच उन्हाळ्यात यांकीज संघात मिकी मँटल होता. वय एकोणीस. आदल्या वर्षी जॉपलिनला, सी वर्गात, त्याची सरासरी ०.३८३ होती. तिथून त्याने एकदम यांकीजमध्ये उडी घेतली. पिचरांनी उंच, वेगवान चेंडूंवर त्याला पकडले आणि जुलैत यांकीजनी त्याला कॅन्सस सिटीला, म्हणजे एक पायरी खाली, धाडले. तिथेही बॅट चालेना. त्याने वडिलांना फोन केला, आता जमत नाही. वडील मट मँटल ओक्लाहोमात शिसे-जस्ताच्या खाणीत कामाला. ते गाडी घेऊन आले. मुलाला वाटले, धीर देतील. त्यांनी त्याचे कपडे बॅगेत भरायला घेतले; चल घरी, खाणीत काम कर. मँटलने हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला. त्यानंतर कॅन्सस सिटीत त्याने ०.३६१ च्या सरासरीने धडाका लावला आणि ऑगस्टअखेर तो परत वर गेला. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, वडील कर्करोगाने गेले. मुलाचे १९५६ चे मोठे यश, ५२ होमरन, त्यांना पाहता आले नाही.

एकाला मायेने वर ठेवले, दुसऱ्याला कठोरपणे खाली पाठवले, दोघेही तरले. कोणती रीत बरोबर, हे मला तरी ठरवता येत नाही.

मात्र याच वर्षाच्या चित्रात एक तिसरा माणूस आहे आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. क्लिंट हार्टंग. सैन्यात जाण्यापूर्वी खालच्या पायरीवर जेमतेम एक हंगाम, मग सैन्यातले सामने. १९४७ मध्ये जायंट्समध्ये आला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला चमत्कार ठरवून टाकले होते. मधल्या पायऱ्या त्याच्या वाट्याला आल्याच नाहीत. पिचर म्हणून २९ विजय आणि २९ पराभव, फलंदाज म्हणून सरासरी ०.२३८, एवढीच त्याची कारकीर्द. ३ ऑक्टोबर १९५१ ला बॉबी थॉमसनने जायंट्सना विजेतेपद देणारा तो प्रसिद्ध होमरन मारला, तेव्हा जखमी खेळाडूच्या जागी धावायला तिसऱ्या बेसवर हार्टंग उभा होता. आणि पुढचा फलंदाज म्हणून, आपल्यावर पाळी येऊ नये अशी प्रार्थना करत, विली मेज.

आज कॅमेरे आहेत, ठरावीक पिचरचा चेंडू हुबेहूब टाकणारी यंत्रे आहेत. तरीही २०२२ च्या निवडीत देशात पहिला आलेला जॅक्सन हॉलिडे २०२४ च्या एप्रिलमध्ये बॉल्टिमोरच्या संघात आला आणि चौतीस वेळांत त्याला दोनच फटके जमले. दहा सामन्यांनंतर त्याला ट्रिपल एमध्ये पाठवले. ३१ जुलैला तो परतला आणि त्याच दिवशी तिन्ही बेस भरलेले असताना त्याने होमरन मारला. हंगाम संपला तेव्हा त्याची सरासरी होती ०.१८९.