चिंध्यांतील साखर

ज्वारीचा दाणा आपण खातों आणि कडबा गुरांपुढें टाकतों. दाण्यांतील पिष्ट व कडब्यांतील सेल्युलोज या दोन्ही एकाच द्राक्षशर्करेच्या मण्यांच्या माळा आहेत, हें पुष्कळांस नवल वाटेल. भेद केवळ मणी गुंफण्याच्या रीतींत. एक गांठ आपल्या पोटांत सुटते, दुसरी सुटत नाहीं. गाईच्या पोटांतहि ती गाय सोडवीत नाहीं, तेथें वसणारे सूक्ष्म जंतु सोडवितात. मनुष्यानें ती कशी सोडविली, हा आजचा विषय.

रशियांत किर्खोफ यानें १८११ सालीं पिष्ट सौम्य गंधकाम्लांत उकळून साखर केली होती. १८१९ सालीं फ्रान्समधील नान्सी येथील रसायनज्ञ आंरी ब्राकोनो यानें तोच प्रयोग लिननच्या चिंध्यांवर केला. चिंध्या तीव्र गंधकाम्लांत विरघळवावयाच्या, पाणी घालून तो रस उकळावयाचा व खडूनें अम्ल शमवावयाचें, अशी त्याची कृति. एक पौंड चिंध्यांपासून एक पौंडाहून अधिक साखर निघते, असें त्यानें प्रसिद्ध केलें. वर्गांत हें सांगितलें कीं मुलें हंसत. पण हिशेब चोख आहे. प्रत्येक गांठ सुटतांना पाण्याचा एक रेणु आंत शिरतो, व १०० भाग सेल्युलोजची १११ भाग साखर होते.

साखर निघाली, धंदा मात्र चालला नाहीं. जें अम्ल गांठ सोडवितें तेंच मोकळ्या साखरेचाहि नाश करितें, आणि भांडींहि खातें. म्हणून या विद्येस बरे दिवस आले ते युद्धकाळांत. पेट्रोलाची ददात असलेल्या जर्मनींत बेर्गियस यानें हायड्रोक्लोरिक अम्लानें व शोलर यानें सौम्य गंधकाम्लानें लाकडाची साखर करण्याच्या रीति कारखान्यापर्यंत नेल्या. त्या साखरेचा मद्यार्क झाला, तिच्यावर यीस्ट वाढवून गुरांस चारलें. शांततेबरोबर स्वस्त तेल आलें, आणि पश्चिमेकडील असे बहुतेक कारखाने थंड पडले. सोव्हिएट रशियानें मात्र हा धंदा पुढें दीर्घकाळ चालविला.

खरी वाट सांपडली ती भलतीकडेच. दुसऱ्या महायुद्धांत पॅसिफिक महासागरांतील दमट बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू व सुती सामान कुजूं लागलें. या शत्रूचा छडा लावण्यासाठीं लष्करानें हजारों बुरशा गोळा केल्या. त्यांपैकीं बूगनव्हिल बेटावरील कुजक्या कापडांतील एक फार जबरी निघाली. ती आपले पाचक रस, म्हणजे एंझाइम, बाहेर सोडते व साखरेस धक्का न लावतां गांठ सोडविते. एल्विन रीस व मेरी मँडेल्स यांनीं तिचा वर्षानुवर्षें अभ्यास केला. आधीं कापड वाचविण्यासाठीं, आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर रद्दी कागदाची साखर करण्यासाठीं. १९७७ सालीं तिला रीसच्या नांवावरून ‘ट्रायकोडर्मा रीसाय’ हें नांव मिळालें. या धंद्यांत तिचे जे वाण राबतात ते सारे त्या एका कापडावरील बुरशीचे वंशज होत. ब्राकोनोच्या बुद्धीपेक्षां हा नमुना जपून ठेवणाऱ्यांची चिकाटी मला अधिक मोलाची वाटते.

पानिपत म्हटलें कीं आपणांस १७६१ आठवतें. त्याच पानिपतास १० ऑगस्ट २०२२ रोजीं इंडियन ऑइलचा एक कारखाना राष्ट्रास अर्पण झाला. वर्षास सुमारें २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटि लिटर इथॅनॉल काढण्याची त्याची योजना असून तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचें आहे. अमेरिकेंत आयोवा राज्यांत ड्यूपाँट कंपनीनें मक्याच्या ताटांवर चालणारा असाच मोठा कारखाना २०१५ सालीं उघडला होता; तो २०१७ सालीं विकावयास काढला. हलका पण जागा अडविणारा पेंढा शेताशेतांतून गोळा करावयाचा, कोरडा राखावयाचा, शिवाय एंझाइमची किंमत मोजावयाची, या खर्चाची तेलाच्या भावाशीं अजून झुंज चालूच आहे.