भागाकारातून सुटलेली माणसं

श्रीमंत देशांच्या यादीत लक्झेंबर्गचं नाव कायम वर असतं. क्षेत्रफळ 2,586 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहूनही लहान. 2024च्या सुरुवातीला लोकसंख्या होती सुमारे 6 लाख 72 हजार. एवढासा देश एवढा श्रीमंत कसा?

एकोणिसाव्या शतकात तो गरीब शेतकऱ्यांचा मुलूख होता. शेतीवर भागेना म्हणून हजारो लोक अमेरिकेला गेले. दक्षिण भागात लोहखनिज मुबलक होतं, पण त्यातल्या फॉस्फरसमुळे पोलाद ठिसूळ व्हायचं. 1879मध्ये थॉमस पद्धतीचा परवाना मिळाला आणि हा फॉस्फरस मळीत वेगळा काढता येऊ लागला. पोलाद मजबूत झालं. दळलेली मळी खत म्हणून निकस शेतांत पडली. ज्या देशातून माणसं बाहेर जात होती, तिथे आता माणसं कमी पडू लागली. जर्मन कामगार आले, पाठोपाठ इटालियन आले. 1970मध्ये पोर्तुगालशी करार झाला आणि बांधकामांवर पोर्तुगीज हात दिसू लागले. पुढे पोलाद उद्योग मंदीत सापडला, तेव्हा बँका आणि गुंतवणूक फंडांनी अर्थव्यवस्था सावरली.

आज तिथल्या रहिवाशांपैकी जवळपास 47 टक्के परदेशी नागरिक आहेत. शिवाय फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीत राहणारे 2 लाखांहून अधिक लोक तिथे नोकरी करतात. दरडोई उत्पन्नाची खरी गंमत इथेच आहे. या लोकांनी केलेलं उत्पादन देशाच्या एकूण उत्पादनात धरलं जातं, पण भागताना लोकसंख्येत ते नसतात. साहजिकच भागाकार फुगतो. देश श्रीमंत आहेच, पण हा आकडा सांगतो तेवढा नाही.

मोजणीचा हाच प्रश्न मतपेटीपाशीही येतो. दीर्घकाळ राहिलेल्या परदेशी रहिवाशांना संसदेसाठी मतदान करू द्यावं का, यावर 2015मध्ये सार्वमत झालं. सुमारे 78 टक्के मतदार ‘नाही’ म्हणाले. याला नुसता आकस म्हणून मोकळं होता येत नाही. लक्झेंबर्गिशला राष्ट्रभाषेचा कायदेशीर दर्जा मिळाला तोच 1984मध्ये. आपल्याच घरात आपण अल्पसंख्य होऊ, ही भीती खरी होती. मात्र देश तिथेच थांबला नाही. 2017च्या कायद्याने नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अट 7 वर्षांवरून 5 वर्षांवर आणली, भाषेची परीक्षा मात्र कायम ठेवली.

सीमेपलीकडून येणाऱ्याला ही वाटही मोकळी नाही, कारण तो तिथला रहिवासीच नाही. त्याचे कष्ट देशाच्या हिशेबात राहतात आणि तो संध्याकाळच्या गाडीने घरी जातो.