पान पिवळे पडण्याआधीच झाडाचा त्रास कसा कळतो?

पान पिवळे पडले की झाडाचे काहीतरी बिनसले आहे हे कळते. पण तोवर अनेकदा उशीर झालेला असतो. ‘क्लोरोफिल फ्लुरोसन्स इमेजिंग’ या तंत्राने काही प्रकारचा त्रास त्याआधीच दिसू शकतो.

हे कसे घडते?
पानातले हरितद्रव्य प्रकाश शोषते. त्यातली काही ऊर्जा प्रकाशसंश्लेषणात वापरली जाते, काही उष्णता होऊन निघून जाते आणि साधारण १ ते २ टक्के ऊर्जा लाल प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. दिवसाच्या उजेडात हा मंद प्रकाश आपल्याला दिसत नाही. फिल्टर लावलेला कॅमेरा तो टिपतो. अंधारातून उजेडात आणलेल्या पानाचा हा प्रकाश आधी झपाट्याने वाढतो आणि मग ओसरतो, हे काउट्स्की आणि हिर्श यांनी १९३१ मध्ये दाखवले.

मोजतात कसे?
रोप २०-३० मिनिटे अंधारात ठेवतात. मग क्षणभर प्रखर झोत टाकून त्याआधीचा आणि झोतावेळचा लाल प्रकाश मोजतात. त्यावरून ‘एफव्ही/एफएम’ हे गुणोत्तर काढतात. निरोगी पानात ते ०.८३ च्या आसपास असते. कडक ऊन, थंडी किंवा रोगामुळे ते घसरते. पानाचा नेमका कोणता भाग बिघडला आहे, हेही चित्रात दिसते.

मर्यादा काय?
आकडा घसरला तरी त्याचे कारण कळत नाही. शिवाय पाणी कमी पडू लागल्यावर सुरुवातीला तो फारसा हलत नाही. त्यामुळे आकडा चांगला आला तरी माती, पाणी आणि कीड तपासावीच लागते.