त्रिनिदादचा ताशा

ताशा तापवल्याशिवाय बोलत नाही. आता फायबरची पानं आली, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मुलांना हे सांगावं लागतं. माझ्या लहानपणी पान कातड्याचं असायचं. माझं गाव कोकणात, पण आजोळ सांगली जिल्ह्यातलं. मोहरमला मामा मला कडेगावचे ताबूत दाखवायला न्यायचा. ते उंचच उंच ताबूत एकमेकांना भेटायला निघण्याआधी ताशेवाले काटक्या-कागदांचा जाळ करायचे, त्याच्याभोवती ताशे उभे करून शेकायचे आणि मधूनच बोटानं टिचकी मारून बघायचे. कातडं ताणलं गेलं की आवाज एकदम वर चढायचा. ताबूत उचलणाऱ्यांत कोण हिंदू आणि कोण मुसलमान, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. माझं सगळं लक्ष जाळाकडे असायचं.

तापलेल्या कातड्याचा तो वास मला पुन्हा आला तो थेट कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर. बेटाचं नाव त्रिनिदाद. वर्ष १९९८, एप्रिलचा शेवटचा रविवार. तिथं मी होतो फक्त एक दिवस, सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत.

एक कवी त्रिनिदादला कशासाठी गेला होता, असं तुम्ही विचाराल. कविता वाचायला नव्हे, बशा धुवायला. बी. ए. झालो, मराठी विषय घेऊन झालो, आणि नोकरी मिळेना. आमच्याकडे कोकणात अशा मुलाला घरातलं कुणीतरी जहाजावर चिकटवून देतं. चुलत्यांनी सीडीसी काढून दिली आणि मी मालवाहू जहाजावर स्टुअर्ड झालो. अधिकाऱ्यांना जेवण वाढायचं, केबिनी झाडायच्या आणि रात्री उरलेल्या वेळात वहीत कविता लिहायच्या. आमचं जहाज त्या वेळी पॉइंट लिसास नावाच्या बंदरात युरिया भरायला लागलं होतं. त्रिनिदादच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे औद्योगिक बंदर. नैसर्गिक वायूवर चालणारे खताचे, मिथेनॉलचे कारखाने आणि त्यांच्या मागं नजर पोचेल तिथपर्यंत ऊस. तोडणीचे दिवस होते. पेटवलेल्या फडांची काळी राख डेकवर येऊन पडायची. आजोळच्या उसाच्या आठवणीनं मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

कॅप्टननं एक दिवसाची सुटी दिली. मी आणि आमचा गोव्याचा कुक असे दोघं निघालो. त्याला चर्चमध्ये जायचं होतं, मला कुठंच जायचं नव्हतं. बंदराच्या फाटकाबाहेर एक टॅक्सीवाला उभा होता. साठीचा, सावळा, कपाळाला टिळा. आमच्याकडे बघून त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘जहाजी?’ मी म्हटलं, हो, जहाजावरचे. तो हसला. म्हणाला, ‘आम्हीही जहाजीच. आमचं जहाज जरा आधी आलं.’

त्याच्या हसण्याचा अर्थ मला नंतर कळला. तिथं जहाजी म्हणजे खलाशी नव्हे. ज्यांचे पूर्वज एका जहाजातून आले ते एकमेकांचे जहाजी भाई, आणि हे नातं तिथं रक्ताच्या नात्याइतकं मानलं जाई. ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्यानं संपली, १८३८ मध्ये प्रत्यक्षात संपली, आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त हात हवे झाले. ३० मे १८४५ रोजी कलकत्त्याहून निघालेलं पहिलं जहाज पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. जहाजाचं नाव इंग्रजी कागदांत ‘फातेल रझाक’ असं लागतं. मूळ नाव फतह अल-रझ्झाक, म्हणजे अन्न देणाऱ्या परमेश्वराचा विजय. भुकेनं घर सोडलेली, बहुतेक हिंदू, बाकीची मुसलमान, अशी माणसं त्या नावाच्या जहाजातून सव्वातीन महिने समुद्र तुडवत गेली. १९१७ पर्यंत अशी जवळजवळ १ लाख ४४ हजार माणसं त्रिनिदादला नेली गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, काही मद्रासकडची. करार पाच वर्षांचा. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं गिरमिट झालं आणि ती माणसं गिरमिटिया झाली. मळा सोडून बाहेर जायचं तर परवान्याचा कागद खिशात लागे. तो नसेल तर तुरुंग.

टॅक्सीवाल्यानं आधी वाटेत वॉटर्लूचं देऊळ दाखवलं. शिवदास साधू नावाच्या मळ्यावरच्या मजुरानं साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. कंपनीनं ते पाडलं आणि त्याला चौदा दिवस तुरुंगात घातलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, जमीन तुमची असेल, समुद्र तर कुणाचा नाही ना? मग सायकलवरून दगड-सिमेंट वाहून त्यानं पंचवीस वर्षं समुद्रात भर घातली आणि तिथं देऊळ उभं केलं. आम्ही गेलो तेव्हा सरकारनं त्याची नव्यानं बांधणी करून तीनेक वर्षं झाली होती. भरतीचं पाणी भिंतीला लागत होतं. कुकनं चपला काढून हात जोडले. मीही जोडले.

तिथून सान फर्नांडो. हॅरिस प्रॉमिनाड नावाच्या रस्त्यावर कुकला त्याचं चर्च मिळालं आणि मला महात्मा गांधींचा पुतळा. कुकला तिथं सोडून टॅक्सीवाला मला म्हणाला, माझ्या नात्यात लग्न आहे पेनालला, दोन तास येतोस का? जहाजावर महिनोन् महिने तीच वीस तोंडं बघितलेल्या माणसाला लग्नाचं आमंत्रण म्हणजे काय, ते त्यालाच कळेल.

गाडीत त्यानं माझं नाव विचारलं. सांगितलं. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता गप्प होणार. हा अनुभव मला घरचाच आहे. पण तो उत्साहानं म्हणाला, ‘म्हणजे तुला होसे माहीत असणार! माझा आजा होसेत ताशा वाजवायचा.’ होसे म्हणजे हुसेन. ‘या हुसेन’ या हाकेचंच ते रूप. तिथं मोहरमला होसे म्हणतात. आज्याला आजा म्हणतात आणि आजीला आजी, आपल्यासारखंच. तो सांगत होता की, दोनेक दिवसांत चाँद दिसेल, मग पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात दहा दिवस होसे चालेल. कागद-बांबूचे ताजिये निघतील, त्यांच्यासोबत दोन मोठे चंद्र, लाल हुसेनचा आणि हिरवा हसनचा, माणसांच्या खांद्यावर नाचत येतील, एकमेकांना भेटतील आणि शेवटी ताजिये समुद्रात जातील. ‘थांब की दहा दिवस,’ तो म्हणाला. मी घड्याळ दाखवलं.

लग्न हिंदूंचं होतं. मांडव बांबूचा, पंगत पानावर. वाढपी आला आणि मांडवाच्या कडेला मला तो वास आला. चार-पाच पोरं जाळाभोवती उकिडवी बसून ताशे शेकत होती. ताशा मातीच्या कुंड्याचा, बकऱ्याच्या कातड्यानं मढवलेला. त्याला तिथंही ‘तासा’च म्हणतात. सोबत एक मोठा ढोल आणि पितळी झांज, तिचंही नाव झांजच. एकानं टिचकी मारून पाहिली, कान लावला, पुन्हा जाळाजवळ धरला. वाजवणाऱ्यांत एक जण आफ्रिकी वंशाचा होता आणि तो सगळ्यांत तयारीचा होता. मग त्यांनी सुरू केलं. पुण्याच्या मिरवणुकीतला ठेका नव्हता, कडेगावचाही नव्हता. पण माझ्या पायांना ओळख पटली. मी जेवण सोडून उठलो. टॅक्सीवाल्यानं त्या पोरांना काहीतरी सांगितलं. त्यांनी ठेका बदलला, संथ केला. हा होसेचा हात, तो म्हणाला. लग्नात नसतो वाजवायचा, पण तुझ्यासाठी. अर्धा मिनिट वाजवून पोरं पुन्हा लग्नाच्या ठेक्यावर आली. नवरीच्या आईनं तेवढ्यात डोळे वटारले होते.

परतताना सान फर्नांडोत शिरणाऱ्या सिपेरो स्ट्रीटवर टॅक्सीवाल्यानं गाडीचा वेग कमी केला आणि खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, ‘इथं मारलं.’ मी दमलो होतो. अपघात झाला असेल असं समजून मी ‘अरेरे’ म्हटलं. तोही पुढं बोलला नाही.

काय मारलं आणि कुणाला, ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. तोवर जहाज सुटलं होतं, मी घरी स्थिरावलो होतो. केल्विन सिंग नावाच्या इतिहासकाराचं या घटनेवरचं १९८८ मधलं पुस्तक हाती लागलं आणि ती दुपार पुन्हा उघडली.

१८८४ साल. युरोपातल्या बीटच्या साखरेनं उसाच्या साखरेचा भाव पाडला होता. मळेवाल्यांनी मजुरांवरचं काम वाढवलं आणि मळ्यांवर संप होऊ लागले. मोहरमच्या दहाव्या दिवशी एकेका मळ्याचा ताजिया ताशांच्या गजरात सान फर्नांडोत यायचा आणि हजारो मजूर शहरातून समुद्राकडे जायचे. वर्षभर परवान्याशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकू न शकणारी माणसं त्या एका दिवशी रस्त्याची मालक व्हायची. सरकारला भीती वाटली ती या गर्दीची. तीन वर्षांपूर्वीच, १८८१ मध्ये, पोर्ट ऑफ स्पेनला आफ्रिकी लोकांच्या कार्निव्हलवरून कॅप्टन बेकरच्या पोलिसांशी मोठी मारामारी झाली होती. आता नियम निघाला की होसेची मिरवणूक शहरात येणार नाही.

मजुरांनी अर्ज केला. अर्जदारांत पहिलं नाव होतं सूकू, आणि हा सूकू हिंदू होता. मोहरम आम्ही नेहमीसारखा करू द्या, अशी विनंती. अर्ज फेटाळला गेला. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी ताजिये तरीही निघाले. शहराच्या वेशीवर, सिपेरो स्ट्रीटच्या नाक्यावर आणि मॉन रेपोच्या बाजूला, बंदुकवाले पोलीस उभे होते. दंगलीचा कायदा वाचून दाखवण्यात आला, इंग्रजीत. ताशांच्या आवाजात, भोजपुरी बोलणाऱ्या गर्दीला तो किती ऐकू गेला असेल आणि ऐकू गेला तरी किती कळला असेल? गोळीबार झाला. मेलेल्यांचा आकडा कुठं सोळा लागतो, कुठं बावीस, जखमी शंभरावर. मेलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते.

चौकशीला जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन आले. हिंदुस्थानात सैन्यात आयुष्य काढलेला हा माणूस. त्यांनी सरकारची बाजू योग्य ठरवली. या सगळ्या प्रकरणात अधिकाऱ्यांचा एक युक्तिवाद होता, तो मी वाचला आणि पुस्तक मिटून ठेवलं. युक्तिवाद असा: मिरवणुकीत बहुतेक हिंदू असतात. मोहरम हा त्यांचा धर्मच नव्हे. तेव्हा बंदीनं त्यांच्या धर्माला धक्का लागतो, असं म्हणता येत नाही.

ऐकायला किती सरळ आहे! ‘हे तुमचं नाही, मग तुम्हाला काय त्याचं?’ गेली तीस वर्षं मी मराठीत कविता लिहितोय. कवी संमेलनात माझी ओळख करून देणारा हमखास म्हणतो, यांचं मराठी किती शुद्ध आहे! तो प्रेमानं म्हणतो. पण त्या कौतुकाच्या पोटात तोच युक्तिवाद मला ऐकू येतो. सूकूला सरकारनं प्रेमानं विचारलं नव्हतं, एवढाच फरक.

त्या लोकांचं मोठेपण रंगवून सांगायचा माझा इरादा नाही. सगळे हिंदू काही हुसेनच्या शोकानं रडत नव्हते. बऱ्याच जणांना ताशा हवा होता, सुटी हवी होती, दारूही हवी होती, आणि तिथल्या काही मौलवींना होसे मुळातच पसंत नव्हता. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? एकोणिसाव्या शतकात पुण्यातले हिंदू ताबुतांपुढे नाचायचे. १८९३ च्या मुंबईच्या दंगलीनंतर १८९४ मध्ये त्यांनी ताबुतांकडे पाठ फिरवली. तिथं ताटातूट करायला बंदूक लागली, इथं तीही लागली नाही. पण कडेगावात ताबूत अजून उठतात. सान फर्नांडोत त्या गोळीबारानंतर होसेची ती जुनी शान राहिली नाही. आज तो मुख्यतः सेंट जेम्समध्ये आणि दक्षिणेला सेड्रोसला दिसतो. त्याचा ताशा मात्र तिथल्या हिंदू लग्नांत जाऊन बसला आणि तिथूनच तो मला ऐकू आला.

टॅक्सीवाल्यानं बंदराच्या फाटकाशी सोडताना भाडं घेतलं, पण लग्नाच्या फेरीचं घेतलं नाही. एक चिठ्ठी दिली. तिच्यावर त्याच्या आज्याच्या परवान्यावरून उतरवून घेतलेली तीन नावं होती: जिल्हा, ठाणं, गाव. जिल्हा बस्ती, हे वाचता येत होतं. ठाण्याचं आणि गावाचं नाव ज्या कारकुनानं लिहिलं होतं, त्याला ते नीट ऐकू आलं नसावं. ‘तू त्याच देशात राहतोस, बघ सापडतं का.’ मी हो म्हटलं. बस्ती माझ्या गावापासून दीड हजार किलोमीटरवर आहे, हे त्याला सांगितलं नाही. पुढं उत्तर प्रदेशातल्या दोन-तीन साहित्यिक मित्रांना मी त्या नावाची नक्कल पाठवली. त्यांनी चार-पाच वेगवेगळी गावं सुचवली. चिठ्ठी माझ्याकडे आहे.

रात्री दहाला जहाज सुटलं. पॉइंट लिसासहून बाहेर पडायचं तर उत्तरेला जावं लागतं, पोर्ट ऑफ स्पेनसमोरून, आणि त्याच बाजूला नेल्सन बेट आहे. १८६६ पासून गिरमिटियांना आधी त्या बेटावर उतरवायचे, तपासायचे आणि मग मळेवाल्यांना वाटून द्यायचे. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. डेकवर जाऊन बघावं असंही सुचलं नाही. अधिकाऱ्यांचं जेवण उशिरा आटोपलं होतं आणि मी पँट्रीत बशा पुसत होतो.